तळ्यावर दोन हजार फूट

दिवा जी उंची सांगेल ती खरी, असा त्या घरात एक नियम होता. का, असं विचारायचं नाही, हा त्याच्या पाठोपाठचा दुसरा नियम.

घरात उंची मोजायला दिवा कशाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या घराच्या हॉलमध्ये तीन आठवड्यांपासून एक अख्खा मुलूख येऊन पडला होता. उड्डाणशाळेत शिकाऊ वैमानिक आधी जमिनीवरच्या खुर्चीत बसून विमान चालवायला शिकत. त्यासाठी प्लास्टरची एक जमीन होती: डोंगर, शेतं, एक तळं आणि तळ्याकाठी धावपट्टी. तिच्यावरून रुळांवर एक कॅमेरा फिरायचा आणि कॅमेरा बघेल ते वैमानिकाला पडद्यावर दिसायचं. कॅमेरा आपटू नये म्हणून त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक दिवे. त्यांचे किरण खाली जाताना एकमेकांपासून फाकत आणि जमिनीवर दोन ठिपके पडत. ठिपके जवळजवळ, तर जमीन जवळ. ठिपके लांब, तर जमीन लांब. शेजारचा विजेचा डोळा ते अंतर बघायचा आणि काटा फूट दाखवायचा. बोटाच्या जाडीएवढी उंची म्हणजे काट्यावर वीस फूट.

ही जमीन घडवली होती आजोबांनी, चाळीस वर्षांपूर्वी. आता यंत्र सांभाळायचे बाबा. शाळेच्या कार्यशाळेचं छत उतरवलं होतं, म्हणून डागडुजीसाठी सगळा बाडबिस्तरा घरी आणला होता.

"तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून जेवतोय आपण," आई म्हणायची. "खिडकीत ताट ठेवून. शिक्षा झाल्यासारखं."

"धावपट्टीवर ताट ठेवू नकोस म्हणजे झालं," आजोबा म्हणायचे.

आणि या सगळ्यात होती भिंगरी. घरातली एकुलती एक मुलगी, नुकतीच पदवी घेतलेली. जेवतानासुद्धा एका पायावर उभी राहते म्हणून हे नाव पडलं होतं. सोमवारपासून तिला याच उड्डाणशाळेत यंत्रविभागात नोकरी लागणार होती. अट एकच, शनिवारच्या घरगुती चाचणीत कॅमेरा तिने चालवायचा आणि चाचणीच्या वहीत तिच्या नावापुढे 'ठीक' असा शेरा पडायचा. शनिवार कधी उजाडतो असं तिला झालं होतं. (मंगळवारपासूनच झालं होतं. बुधवारी तिने घड्याळ पुढे करून पाहिलं. उपयोग झाला नाही.)

शनिवारी सकाळी बघते तर आजोबा तळ्याला व्हार्निश लावत होते. दुसरा हात.

"आजोबा, हे कशाला आता?"

"तळं आहे ते. ओलं दिसायला नको?"

"पण आधी कधी..."

"आधी ही जमीन उंच मांडणीवर होती. शाळेत त्या तळ्यापर्यंत हात पोचायचा नाही. आता पोचला."

दुपारी चाचणी सुरू झाली. भिंगरी खटक्यापाशी, आजोबा काट्यापाशी, बाबा पडद्यापाशी. आई दारात. (तिला हॉल परत कधी मिळतो एवढंच बघायचं होतं.) कॅमेरा डोंगरावरून आला, शेतांवरून आला. काटा दोनशे, शंभर, चाळीस. सगळं कसं शहाण्यासारखं. कॅमेरा तळ्यावर आला मात्र, काट्याने टुणकन उडी मारली.

"दोन हजार," आजोबा म्हणाले.

"दोन हजार कसे? आत्ता तर चाळीस होते!"

"तळं आलं ना. तळं खोल असतं."

भिंगरीने तळ्याकडे पाहिलं. प्लास्टरचं तळं. अंड्याच्या टरफलाएवढी त्याची जाडी. "आजोबा, हे तळं तुम्हीच ओतलंय. खाली टेबल आहे!"

"काटा काय म्हणतो?"

"दोन हजार."

"मग दोन हजार."

"उतरव गं," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "दोन हजारांवरून धावपट्टीवर कशी बसणार तू?"

"बाबा, भिंग तळ्याला टेकायला आलंय. मला डोळ्यांनी दिसतंय!"

"डोळ्यांनी दिसलं असतं तर दिवे कशाला लावले असते? उतरव."

आणि भिंगरीने उतरवला. (एवढं शिकून, एवढी वादावादी करून, शेवटी तिने उतरवलाच. याचा राग तिला पुढे कितीतरी दिवस सगळ्यांत जास्त आला.)

कडकन आवाज झाला. कॅमेऱ्याचं भिंग तळं फोडून टेबलात घुसलं. पडदा काळाठिक्कर.

"ढग आले वाटतं," बाबा म्हणाले.

"ढग नाही, टेबल आलं," आई म्हणाली. "माझं."

काटा अजूनही दोन हजारच दाखवत होता. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, वही पुढे ओढली आणि झोकदार अक्षरात लिहिलं: 'चालवणाऱ्या मुलीचं लक्ष नव्हतं.' मग वही तिच्यापुढे सरकवली. "कर सही."

"मी? माझं लक्ष नव्हतं? मी ओरडत होते!"

"ओरडणं म्हणजे लक्ष नव्हे."

"हे वाचून मला सोमवारी दारात तरी उभं करतील का?"

"अगं, पुढच्या वर्षी परत चाचणी देशील," बाबा हळूच म्हणाले. "आजोबांचा दिवा चाळीस वर्षांत चुकलेला नाही. आता चुकला असं वहीत लिहायचं? त्यांच्यासमोर? एका सहीने काय झिजतेस?"

भिंगरी हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून आली. (हॉलमध्ये मुलूख असल्याने फेरी म्हणजे चार पावलं तिरपं चालणं.) मग ती थांबली आणि तिने वर पाहिलं. घरच्या पांढऱ्या स्वच्छ छतावर दोन ठिपके पडले होते. चांगले लांब लांब.

"आई, मोजपट्टी आण. आणि पावडरचा डबा."

तळ्यापासून छत मोजलं. शंभर बोटं. बोटाला वीस फूट, म्हणजे दोन हजार.

"किरण तळ्यावर थांबलेच नाहीत," ती म्हणाली. "आरशावरून उडावेत तसे उडून छताला गेले आणि विजेच्या डोळ्याने तळ्यात छतावरच्या ठिपक्यांचं प्रतिबिंब पाहिलं. तुमचा दिवा खरंच बोलत होता, आजोबा. फक्त तो छताबद्दल बोलत होता!"

"शाळेत असं कधी झालं नाही," आजोबा म्हणाले.

"शाळेत छत काळं होतं. आणि तुमचा हात तळ्यापर्यंत पोचत नव्हता."

तिने कॅमेरा बोटभर वर घेतला. भिंग गेलं होतं तरी दिवे शाबूत होते. मग एका हाताने टेबलावर भार देऊन, दुसऱ्या हाताने तिने किरणांखाली पावडर भुरभुरवली. तळं पांढरंफटक झालं. काटा थरथरला, घसरला आणि वीसवर येऊन उभा राहिला.

पावडरच्या हाताने भिंगरीने वही आजोबांकडे परत सरकवली.

"मी सही करणार नाही," भिंगरी म्हणाली. "आज नाही, उद्या नाही. वहीत लिहायचं तर तळ्याला व्हार्निश लावलं असं लिहा. आणि माझं लक्ष होतं असंही लिहा. दिसतंय ते डोळे मिटून खोटं म्हणायला मी शिकलेली नाही. उतरवला ही एकच चूक माझी. ती पुन्हा होणार नाही."

आजोबा काट्याकडे बघत राहिले. बाबा काळ्या पडद्याकडे. वही उघडीच पडली होती आणि तिच्यावर पावडर बसत होती. त्या घरात आजवर वडीलधाऱ्यांना असं गप्प झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

आता फक्त ताठ मानेने निघून जायचं बाकी होतं. भिंगरी झोकात वळली आणि तिथल्या तिथे खेचली गेली. ज्या हाताने तिने भार दिला होता, त्याची बाही कोपरापर्यंत तळ्यात होती, पावडर न पडलेल्या कडेला. व्हार्निशचा दुसरा हात अजून वाळला नव्हता.

तिने हळूच ओढून पाहिलं. तळं हललं, डोंगर हलले, बाही सुटेना. सोडवा म्हणून सांगायचं तरी कुणाला? सगळे तर गप्प होते.