घाटावरच्या काट्या

लटारीभाऊ आधी विरोध नोंदवत आणि मग विषय विचारत. ग्रामसभेत दुपट्टा झटकून उठायचे, "माहा विरोध हाये. आता सांगा, मुद्दा काय?" एका लग्नाच्या पंगतीत ते वांग्याच्या भाजीविरुद्ध बोलत राहिले आणि बोलता बोलता भाजी पुन्हा पुन्हा वाढून घेत गेले. नवरदेवाचा बाप हात जोडून उभा, तर म्हणाले, "तुमचा राग नाई, वांग्याचा हाये."

त्यामुळे कोरोनात गावच्या दक्षता समितीनं नदीचा घाट बंद करायचं काढलं, तेव्हा भाऊ उठले याचं कोणालाच नवल वाटलं नाही. समितीचा अध्यक्ष मी. वैनगंगेच्या आमच्या काठाला चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. पुलावर पोलीस बसलेले. उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यातून माणसं ये-जा करतील, अशी आम्हाला भीती.

"नदीवर वारा सुटते," भाऊ म्हणाले. "इथी आपण एकमेकाच्या तोंडाजवळ बसून राह्यलो. मंग बंद कोणती जागा कराची?"

"लोक नदी पार करतात, भाऊ."

"पार करू नोका म्हणा. काठावर उभं राहाले काय हरकत हाये?"

"उभं राहून काय करता? मासोळ्याईले मास्क वाटता का?" मी विचारलं.

सारे हसले.

"बरं, सकाळचा एक घंटा द्या." मी नकारार्थी मान हलवली. "अर्धा द्या."

भाऊंना मागणीवरून खाली उतरताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी घाटाच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकायला लावल्या. लटारी मासोळीसाठी भांडला, असं गावात अजून सांगतात. ते खरं नाही, आणि ते पसरवलं मीच.

काही दिवसांनी सकाळी काट्या पाहायला गेलो, तर एक फांदी बाजूला सारलेली. भाऊ पाण्याच्या कडेला, तोंडाला दुपट्टा बांधून, गप्प उभे. पलीकडच्या वाळूत एक बाई दोन्ही हातांवर काहीतरी उचलून धरत होती. त्यांची एकुलती पोरगी, वनिता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलेलं. हद्द बंद झाली आणि ती पलीकडे सासरीच अडकली, तिथंच बाळंत झाली.

"सभेत काऊन नाई सांगतलं, भाऊ?"

"माह्या एकट्यासाठी मांगतलं असतं तं तुम्ही देल्लंही असतं. आपल्या गावच्या किती पोरी तिकडं हायेत. त्याईच्या मायबापानं कुठी उभं राहाचं?"

मग जवळ न येताच ते म्हणाले, "तुमच्यापाशी चश्मा हाये. मले तं नुसतं लाल दिसते. लेकरानं बाळसं धरलं का, पाहून सांगा ना."

मी चष्मा पुसून लावला. नदीचं पात्र केवढं रुंद. मलाही लाल लुगड्याचं गाठोडंच दिसत होतं.

"धरलं," मी म्हणालो. "चांगलं गुबगुबीत आहे."

भाऊंनी दुपट्टा खाली ओढला आणि पोरीलाच ओरडून सांगितलं, "वनिता, गुबगुबीत हाये म्हंते वो."

परतताना ती फांदी मी तशीच बाजूला राहू दिली. समितीला सांगितलं, काट्या नीट आहेत. बाकीच्यांसाठी घाट शेवटपर्यंत बंदच ठेवला. भाऊंनी जे मागायचं टाळलं होतं, नेमकं तेवढंच मी त्यांना दिलं.