नाकावर न टिकणारा चष्मा

चष्मे विकणाऱ्या माणसाचाच चष्मा नाकावरून घसरावा, याहून वाईट जाहिरात नाही. दुकानात त्याला सगळे ‘आरसा’ म्हणत, कारण दुपारपर्यंत त्याचा तेलकट चेहरा असा चमके, की फ्रेम लावून बघायला गिऱ्हाइकाला भिंतीकडे वळायची गरज नव्हती. वाक्यागणिक त्याचं बोट चष्मा वर सारी.

अखेर मालकांनी बजावलं. शुक्रवारी एक मुख्याध्यापक आपल्या सगळ्या शिक्षकांसाठी फ्रेम बघायला येणार होते. त्यांच्यासमोर चष्मा घसरला, तर काउंटर सोडायचं आणि मागच्या खोलीत काचा घासत बसायचं. आरसा जन्माचा बोलघेवडा. मागच्या खोलीत बोलायला फक्त यंत्र होतं.

त्याने विचार केला, ज्या साबणापुढे कढईचं तेल टिकत नाही, त्यापुढे नाकाची काय टाप? तो येताजाता भांड्यांच्या साबणाने तोंड घासू लागला. कातडी ताणली, गाल लाल झाले आणि थोड्याच वेळात तेल दुप्पट जोमाने हजर झालं. मेहुणी औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणाली, “भाऊजी, जितकं ओरबाडाल तितकं जास्त सुटेल. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉशने धुवा आणि वर हलकं, बिनतेलाचं क्रीम लावा.”

“तेलकट तोंडाला आणखी क्रीम?” तो घरी बायकोला म्हणाला. “तुझी बहीण आगीत तेल ओतायला सांगतेय.”

शुक्रवारी त्याने नाकावर पावडरीचे थर चढवले. तेलात पावडर छान मळली गेली, वाळली आणि पुट्टी भरून बसवलेल्या खिडकीच्या काचेसारखा चष्मा नाकावर पक्का बसला.

मुख्याध्यापक आले. आरसा वाकला, वळला, भरभरून बोलला, पण चष्मा जागचा हलेना. मालक खूश झाले. मुख्याध्यापकांनी तर समोरच्या सगळ्या फ्रेम बाजूला सारल्या.

“मला तुमच्या नाकावरचीच दाखवा,” ते म्हणाले. “माझ्या नाकावर एकही टिकत नाही.”

आता नाही कसं म्हणणार? आरशाने चष्मा ओढला. तो निघाला, पण दोन पांढरे पोपडे सोबत घेऊन निघाला. मालकांनी डोळे मिटून घेतले. मुख्याध्यापकांनी पोपडे निरखले, पुसले, चष्मा लावला आणि तो थेट त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. तेव्हा कुठे आरशाने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. हा तर आपलाच भाऊबंद!

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “याला काही उपाय आहे का हो?”

पावडर तर उघडी पडली होती. मग आरशाने मेहुणीचा सल्ला शब्दशः ऐकवला, तोही अनेक वर्षांच्या अनुभवाच्या सुरात. शिवाय फ्रेमच्या काड्या थोड्या आवळून दिल्या. ऑर्डर मिळाली आणि काउंटर वाचलं.

महिन्याभराने मुख्याध्यापक पुन्हा आले. नाक कोरडं, चष्मा जागच्या जागी.

“तुमचा उपाय गुणकारी निघाला,” ते म्हणाले. “पण तुम्ही स्वतः नाही का करत?”

तेवढ्यात आरशाचा चष्मा घसरला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणावं, तर इथे नेमका कोरडेपणाचाच वांधा होता.

संध्याकाळी तो मेहुणीच्या दुकानात मुकाट्याने रांगेत उभा राहिला.

“काय देऊ, भाऊजी?” तिने विचारलं.

“क्रीम दे,” तो चष्मा वर सारत म्हणाला. “हलकं, बिनतेलाचं. एका मुख्याध्यापकांनी सुचवलंय.”