खरवंडीकरांची कॉमेंट्री

आमचे शेजारी मुकुंद खरवंडीकर टीव्हीचा आवाज पूर्णपणे बंद करून अमेरिकन फुटबॉल पाहतात आणि त्याची कॉमेंट्री स्वतः, मराठीत, अमेरिकेतल्या आमच्या निम्म्या प्लेनो गावाला ऐकू जाईल अशा आवाजात करतात. शनिवारी दुपारी. ऐन माझ्या वामकुक्षीच्या वेळी.

"ईशाननं बॉल घेतला, मागे सरकला, डावीकडे बघतोय, उजवीकडे बघतोय, अरे फेक ना राजा, आला तो रेडा अंगावर... पडला!" मग क्षणभर शांतता आणि लगेच आमच्या खिडकीची काच थरथरेल असे, "उठला!"

ईशान हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कॉलेजच्या संघात क्वार्टरबॅक आहे. चेंडू कोणाकडे फेकायचा हे ज्याने ठरवायचे, आणि ते ठरेपर्यंत ज्याच्या अंगावर चार-पाच दांडग्यांनी कोसळायचे, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. ज्या खेळात हा प्रकार नियमानुसार चालतो, त्या खेळाच्या नियमांविषयी मला आदर नाही. इथल्या शाळेत हा मुलगा हिरो होता. खरवंडीकर हे आडनाव त्याच्या जर्सीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जेमतेम मावत असे. पुढे तो एका युनिव्हर्सिटीत गेला, तिथून ट्रान्सफर घेऊन दुसरीत गेला. यंदाचे त्याचे शेवटचे वर्ष. प्रोफेशनल संघ आपल्याला बोलावतील, ही त्याची लहानपणापासूनची आस. आणि ते बोलावणार कोणाला? मैदानात दिसेल त्याला.

मी जिल्हा न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मुलाकडे राहायला आलो. पत्र लिहिल्याशिवाय मला अन्याय पचत नाही. घरमालकांच्या संघटनेला, जिला इथे एचओए म्हणतात, मी आवाजाच्या कलमाचा हवाला देऊन सविस्तर तक्रार केली. सदर गृहस्थ ओरडताना काही आक्षेपार्ह बोलतात काय, अशी विचारणा त्यांच्याकडून आली. मी सत्य तेच कळवले : भाषा निर्दोष आहे, आवाज नाही. प्रकरण तिथेच निकाली निघाले.

तक्रारीची प्रत मी खरवंडीकरांनाही दिली होती. दुसऱ्या दिवशी ते कुंपणावरून डोकावले.

"नाना, काय ड्राफ्टिंग आहे हो तुमचं! मी दोनदा वाचलं. शनिवारी या ना मॅच बघायला. पोहे करतो."

"मी तुमच्याविरुद्ध तक्रार केली आहे, खरवंडीकर."

"हो, पण पोह्यांविरुद्ध नाही ना केली?"

अशा प्रतिपक्षाशी भांडायचे तरी कसे?

पुराव्यासाठी मी कुंपणाच्या फटीतून पाहणी केली. तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. हा मनुष्य टीव्हीकडे तोंड करून बोलतच नाही. एक नजर पडद्यावर टाकतो आणि मान वळवून स्वयंपाकघराकडे ओरडतो. त्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या उशापाशी उघडते. माझ्या झोपेच्या हत्येचे मूळ हे असे होते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ईशान आठ वेळा पडला आणि आठ वेळा उठला. संध्याकाळी मी सुनेला म्हणालो, "केतकी, तो पोरगा आज फार आपटला."

"कोण, ईशान? बाबा, तो खेळलाच नाही. अख्खा सीझन बेंचवर बसलाय तो. त्याच्या पुढे अजून दोघं आहेत."

मी तडक कुंपणापाशी गेलो. इतके आठवडे माझी झोप एका धादांत खोट्या निवेदनाने मोडली होती, याचा संताप वेगळाच होता.

"खरवंडीकर, तुमचा मुलगा मैदानात उतरलेला नसताना तुम्ही तो उतरल्याचे जाहीर सांगता?"

ते झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळ बंद केला.

"सुलभाला, ईशानच्या आईला, बघवायचं नाही हो, त्याला पाडलेलं. ती किचनमध्ये कायतरी ढवळत उभी राहायची, टीव्हीकडे पाठ करून. मी इकडून सांगायचो. तिचे दोनच प्रश्न. पडला का? उठला का?" ते पाइप गुंडाळू लागले. "ती होती तोवर तो खेळत होता, नाना. ती गेली त्याच वर्षी बसवला त्याला. आता मी तिला काय सांगू? पोरगा बसलाय म्हणून?"



नोव्हेंबरच्या अखेरीस सीझनची शेवटची मॅच होती. शेजारून नेहमीप्रमाणे आवाज चालू होता. एकाएकी तो थांबला. त्याच क्षणी आमच्या हॉलमधून केतकी किंचाळली, "बाबा! ईशान आला! पुढचे दोघंही इंज्युअर्ड आहेत, ईशान खरंच आलाय!"

मी कान दिला. पलीकडे स्मशानशांतता. ज्या शांततेसाठी मी इतका पत्रव्यवहार केला, ती मला सहन होईना. मी कुंपणाचे फाटक उघडून आत गेलो.

खरवंडीकर टीव्हीकडे पाठ करून उभे होते, स्वयंपाकघराच्या दिशेने. ओटा लख्ख आणि रिकामा होता.

"नाना, आला ना तो?"

"आला आहे."

"मग सांगा तुम्ही. मला नाही जमत."

मी या खेळाचा द्वेष्टा. तरीही सांगू लागलो. "चेंडू त्याच्या हातात आहे. मागे सरकला. हात वर उचलला. कोणी मोकळे दिसत नाही. दोघे धावून आले... पडला."

पडद्यावर माणसांचा ढीग होता. पाहिल्याखेरीज साक्ष द्यायची नाही, हे तत्त्व मी जन्मभर पाळले. मी थांबलो. एकेक धटिंगण बाजूला झाला. तळाशी ते खांद्यापासून खांद्यापर्यंतचे आडनाव पालथे पडले होते. मग एक हात हलला. एक गुडघा जमिनीवर टेकला आणि तो उभा राहिला.

आवाजाचे कलम मला तोंडपाठ आहे.

"उठला!" त्या रिकाम्या ओट्यापर्यंत पोहोचेल अशा आवाजात मी ओरडलो.