अण्णांची तारांची टोपी

आमचे शेजारी अण्णा लग्नाला घरून जेवून जातात. कुणी आग्रहानं पंगतीकडे ओढायला लागलं, की पोटावरून डावा हात फिरवत म्हणतात, "आपलं फुल्ल हाय!"

उजवा हात खिशात असतो. पक्षाघाताचा झटका येऊन गेला तेव्हापासून त्याची बोटं वळत नाहीत. चारचौघांत डाव्या हातानं जेवायचं? त्यापेक्षा अण्णा उपाशी राहतील. उभा जन्म पंचवटीच्या भाजीबाजारात बोंबलून लिलाव पुकारलेला हा माणूस, प्रसादाला हात पुढे करावा लागेल या लाजेनं आता देवळाबाहेरूनच मान लववतो.

शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्यांना एका दवाखान्यात नेलं. सोबतीला मी. तिथं डोक्यावर तारांची टोपी चढवतात आणि हातात यंत्राचा हातमोजा घालतात. हात हलवायचं नुसतं मनात आणायचं. मेंदूतली ती खूण संगणकानं ओळखली, की हातमोजा बोटं वळवतो.

अण्णांनी डोळे मिटले. हातमोजा ढिम्म. पुन्हा मिटले, पुन्हा ढिम्म.

"काका, कशाचा विचार करताय?" थेरपिस्ट मुलीनं विचारलं.

"गणपतीचा."

"अहो, हाताचा करा ना! काहीतरी उचलताय असा."

अण्णा संकोचून संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. मग मला जवळ ओढून कुजबुजले (त्यांची कुजबुज बाहेरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाते), "मनातलं त्या टीव्हीवर दिसतं का रं?"

तसलं काही दिसत नाही, असं मुलीनं हसू दाबत सांगितलं. तरी अण्णांनी काकूंना बाहेर बसायला लावलं. डोळे मिटले, आणि हातमोजा वळला! अण्णांचे कान लालबुंद.

मुलगी जरा बाहेर गेल्यावर मी विचारलं, "काय उचललंत?"

"बुंदी." त्यांनी मान खाली घातली. "लग्नात हिला घास भरवायचा व्हता. समदे बघत व्हते. मला लय लाज वाटली, ताटातच टाकला. हिनं तोंड उघडलं व्हतं रं. तसंच मिटलं. पुन्हा कधी म्हणून भरवला नाय. आता तीच मला भरवती."



मुलगी परत आली. "काका, अजून एकदा?"

अण्णांनी दाराकडे पाहिलं. लाज काही गेली नव्हती, पण त्यांनी हाक मारली, "अगं ए, आत ये! अशी समोर बस."

काकू समोर बसल्या. या खेपेला अण्णांनी डोळे मिटले नाहीत, आणि हातमोजा वळला.