अक्काच्या गोधडीतला कॉम्प्युटर

आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय मी घेतो. सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यापर्यंत तशी वेळ आली नव्हती, एवढंच.

मी जळगावात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. निर्णयप्रक्रिया हा माझा खास विषय. त्यावरची माझी व्याख्यानं मुलांना माझ्याइतकीच पाठ आहेत. त्यामुळे एका संध्याकाळी कणीक मळता मळता प्रमिला म्हणाली, "अहो, आपल्या कॉम्प्युटरवर विंडोज पंच्याण्णव टाकायचं की नाही, ते एकदा ठरवा," तेव्हा मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि खुर्चीत सरसावून बसलो. पुढचे पंधरा दिवस मी त्याच खुर्चीत होतो.

आता प्रश्न समजून घ्या. प्रमिला आमच्या बैठकीच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायची. कॉम्प्युटर एक, मुली नऊ. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची आणि मुली वर्डस्टार हा टायपिंगचा प्रोग्रॅम शिकायच्या. सगळं सुरळीत होतं. मग समोरच्या माडीवर दुसरा क्लास निघाला. त्यांच्याकडे रंगीत पडदे, माउस आणि गच्चीवर 'विंडोज ९५' असा भलामोठा बोर्ड. आमच्या मुली वर्डस्टार शिकताना खिडकीतून तो बोर्ड वाचत बसायच्या. एक जण तर म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे माउस येणार असेल तर थांबते. सोमवारपर्यंत."

म्हणजे विंडोज टाकलं आणि जमलं, तर क्लास वाचणार. टाकलं आणि बिघडलं, तर वर्डस्टारही जाणार, क्लास बंद. टाकलंच नाही, तर मुली जाणार, तरीही क्लास बंद. तीनपैकी दोन रस्ते एकाच खड्ड्यात जात होते, आणि तो कॉम्प्युटर प्रमिलाच्या पाटल्या मोडून आलेला होता. जुनाच होता, पण पाटल्या नव्या होत्या.

तिने तेवढ्यात माउस आणला, तेरा फ्लॉपींचा संच आणला. मी सल्लामसलत सुरू केली. फिजिक्सच्या सरांनी स्टाफरूममध्ये मला बाजूला घेतलं आणि नातेवाइकाला आजाराचं नाव सांगावं तशा आवाजात म्हणाले, "तेरा फ्लॉपी एकामागून एक घालायच्या असतात. मध्ये लाइट गेली की संपलं. जुनं पुसलेलं, नवं आलेलं नाही. मग त्या डब्यावर टीव्ही ठेवायचा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण लाइट! बॅटरीचा यूपीएस आमच्या ऐपतीबाहेर. लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं, पण लाइट पेपर वाचत नसावी. मी स्वतः निरीक्षण केलं. ती मी अंगाला साबण लावला की जाते, यापलीकडे निष्कर्ष निघाला नाही. त्या आधारावर तेरा फ्लॉपी कशा घालणार?

शनिवारी सासरे आले. लोटन आबा चोपड्याकडचे, केळीवाले. त्यांनी माझं सगळं विवेचन डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "आमना रुपचंदकडे लाइट जास नही."

रुपचंद म्हणजे माझा मेहुणा. भुसावळला रेल्वेत, राहायला रेल्वेच्याच क्वार्टरमध्ये.

"पण आबा, कॉम्प्युटर भुसावळला न्यायचा कसा? नाजूक असतो तो. धक्का लागला तर?"

आबांनी माझ्याकडे, शिकलेल्या जावयाकडे बघावं तसं बघितलं. "आमनी केळी दिल्लीलगून जातस, एक डाग नही पडस. तुमनं खोकं भुसावळलगून जाई नही का?"

निर्णय झाला. तो मी घेतला, असं मी धरून चालतो.

रविवारी सकाळी आबांचा टेम्पो दारात आला. केळी भरून तो भुसावळला वॅगनकडे निघालेला, वाटेत आम्हाला सोडणार होता. मगन ड्रायव्हरने केळीच्या वाळक्या पानांची गादी केली आणि त्यात कॉम्प्युटरचा उभा डबा आडवा निजवला. मॉनिटरला मऊ काहीतरी हवं म्हणून प्रमिलाने माझ्या आईची गोधडी ओढली.

"माझी गोधडी कुठे नेता रे?" आईने विचारलं. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, आम्हीही.

"संध्याकाळी परत आणतो, अक्का."

"न्या. लाइट आहे तोवर मी कूलरसमोर पडते," म्हणाली आणि आत गेली.

प्रमिला फ्लॉपींची पिशवी छातीशी धरून पुढे मगनजवळ बसली. मी मागे, केळीच्या घडांमध्ये. गोधडीत गुंडाळलेला मॉनिटर माझ्या मांडीवर, त्याला लागून डबा आडवा, त्यावर गोधडीचं उरलेलं टोक. गरमीने आतलं बिघडतं असं फिजिक्सचे सर म्हणाले होते, म्हणून मी पेपरने वारा घालत होतो. मे महिन्यातलं ऊन. घसा कोरडा पडला होता, डोळे लाल झाले होते, तरी हात थांबू दिला नाही.

नशिराबादला गतिरोधकापाशी टेम्पो हळू झाला. तिथे आमचे लांबचे भाऊबंद तोताराम नाना एसटीडी बूथ चालवतात. नाना बाहेरच उभे होते. त्यांनी मला बघितलं. मांडीकडे बघितलं. गोधडी त्यांनी लगेच ओळखली, कारण आमच्याकडे मुक्कामाला आले की ती तेच पांघरायचे. कुणाला काय झालं, असं त्यांनी लांबूनच हाताने विचारलं. मी सांगणार तेवढ्यात मगनने गाडी दामटली. मी एका हाताने मॉनिटर सावरला आणि दुसरा नुसताच हवेत हलवला.

मागे वळून पाहिलं तर नाना बूथमध्ये शिरत होते. मी मनात म्हटलं, गिऱ्हाईक आलं असेल.

भुसावळला रुपचंद दारातच उभा होता. "जिजाजी, बिनधास्त लावा. इथली लाइट गेली तर आधी गाड्या थांबतील."

आतल्या बिनखिडकीच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. खाली गोधडी तशीच. प्रमिलाने देवाला नमस्कार केला, पहिली फ्लॉपी घातली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मी सारखा उसासे टाकतो, त्याने तिचं लक्ष उडतं म्हणे.

तिसऱ्या फ्लॉपीला दोघे पाहुणे आले. हातात मोसंबीची पिशवी. मान खाली घालून बसले. पाचव्या फ्लॉपीला आणखी चौघे आले, त्यात आमची चुलतमावशी सुगंधाबाई. सातव्याला ओसरीवर चपला मावेनात. मला भरून आलं. जळगावात या प्रश्नावर एक माणूस माझ्याशी धड बोलत नव्हता, आणि भुसावळचे लोक बघा, विंडोज पंच्याण्णवसाठी मोसंबी घेऊन येतात.

"काय म्हणते आहे परिस्थिती?" एकाने दबक्या आवाजात विचारलं.

"अजून तरी व्यवस्थित. पण आठव्यानंतर काय होईल, सांगता येत नाही."

त्याने आठवं म्हणजे काय हे विचारलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला फक्त.

एवढी माणसं दारात आली म्हटल्यावर रुपचंदची बायको, बेबा वहिनी, चहा केल्याशिवाय थोडीच सोडणार! गॅस नेमका संपलेला. पण ज्या घरात लाइट जात नाही, त्या घरात स्वयंपाकही लाइटवरच होतो. वहिनींनी कॉइलची शेगडी काढली, त्यावर पातेलं चढवलं. पाणी तापेना म्हणून शेजारच्या क्वार्टरमधून दुसरी शेगडी आणली. पाहुण्यांना उकडायला लागलं म्हणून रुपचंदने जास्तीचा टेबलफॅन लावला. कूलर चालू होताच.

फट्!

आतल्या खोलीत अंधार झाला. नववी फ्लॉपी आत होती.

मी दाराशी धावलो. प्रमिलाने मॉनिटरला दोन्ही हातांनी मिठी मारली, डोकं त्यावर टेकलं आणि खांदे हलायला लागले. एकोणीस वर्षांच्या संसारात मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला माझ्या व्याख्यानांतला एक शब्दही आठवेना.

माझ्या मागून सुगंधाबाईंनी आत डोकावलं. अंधारी खोली, अक्काची गोधडी, वाकून रडणारी सून. त्यांनी जो हंबरडा फोडला, तो लोको शेडपर्यंत गेला असेल. पाठोपाठ ओसरीवरच्या बायका. पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणीतरी अमळनेरला फोन लावायला सांगत होतं, कुणीतरी बांबूची चौकशी करत होतं.

तेव्हा कुठे मला मोसंब्यांचा आणि नाना बूथमध्ये का शिरले त्याचा उलगडा झाला. त्या क्षणी मला आयुष्यातला खराखुरा निर्णय घ्यायचा होता. आधी अक्का ठणठणीत आहे हे सांगायचं, की आधी फ्यूज बघायचा?

मी फ्यूज बघायला गेलो.

रुपचंदने तार बांधली. लाइट आली. मी ओसरीवर उभं राहून हात जोडून सांगितलं की अक्का घरी आहे, कूलरसमोर आहे, आणि आत कॉम्प्युटर आहे. मग सुगंधाबाईंनी पदराने नाक पुसलं. "तरीच म्हटलं, अक्का इतक्या लवकर कशी जाईल? तिच्याकडे माझी पितळी परात आहे."

आत प्रमिलाने श्वास रोखून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत मजकूर उमटला. तिने तो दोनदा वाचला.

"अहो, हा म्हणतोय, मघाशी काम अर्धवट राहिलं होतं. तिथूनच पुढे सुरू करू का?"

"मग?"

तिने 'हो' केलं. नवव्या फ्लॉपीने पुन्हा घुरघुर सुरू केली.

"म्हणजे मध्ये लाइट गेली तरी चालतं याला?" मी विचारलं.

"दिसतंय तरी तसं."

"मग आपण भुसावळला कशाला आलो?"

मी रुपचंदकडे पाहिलं. रुपचंद फ्यूजकडे बघत होता.

चहा झाल्याशिवाय कुणी हललं नाही, म्हणून तेरावी फ्लॉपी सगळ्यांच्या साक्षीने निघाली. पडद्यावर निळं आभाळ आलं, पांढरे ढग आले. प्रमिला हसली, डोळे अजून ओलेच होते. सुगंधाबाईंनी आभाळ नीट निरखलं. म्हणाल्या, "छान आहे. माणूस गेल्यासारखं वाटतच नाही." मोसंबी मात्र कुणी परत नेली नाहीत.

संध्याकाळी रिकाम्या टेम्पोतून परत आलो. नशिराबादला मी गोधडीत तोंड लपवून बसलो होतो.

घरात शिरलो तर अक्का अंगावर चादर लपेटून कूलरसमोर बसलेली.

"आलास? आधी तो कूलर बंद कर," ती म्हणाली. "सकाळपासून लाइट एकदाही गेली नाही, मला थंडी वाजायला लागली. गोधडी दे माझी."