साखर वाढली म्हणतां अनर्थ ओढवला त्याची हकीकत

श्रीगजवदन समर्थ. स्वामींनीं पृच्छा केली जे, साखरसभा म्हणोन मंडळी मोबाईलांत नांदते, तिचें वर्तमान कैसें. त्यास कानीं आलें तें न झांकितां लिहितों. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयीं राज्यांत मधुमेहाचा अंमल थोर बसला, घरोघर माणूस धरिला. तेव्हां तात्या उकिडवे मास्तर यांनीं रोगियांची सभा मोबाईलांत भरविली. सभेस भिंती नाहींत, कोणी कोणाचें मुख पाहिलें नाहीं. प्रातःकाळीं ज्यानें त्यानें बोट टोंचून आकडा कळवावा, आणि चुकला त्यास मंडळींनीं दटावावें, मग धीर द्यावा, ऐसा शिरस्ता पडला आणि पुष्कळांची साखर ताळ्यावर आली.

सभेंत द्वारकाबाई परुळेकर म्हणोन होत्या, घरीं एकट्या. भारी हट्टी बाई. डॉक्टरांपुढें मान डोलवावी आणि घरीं येऊन आंबा चोखावा. सभेनें लाजवून लाजवून इन्सुलिनच्या सुईची वेळ पाळावयास लाविली. दुसरे वर्षीं एके दिवशीं भर दुपारीं सुई टोंचून घेतली आणि जेवण तैसेंच राहिलें, मग दरदरून घाम सुटला, हात कांपों लागले, साखरेच्या यंत्रांतले आकडे डोळ्यांपुढें पळों लागले. बाईंनीं जाणिलें, साखर उतरली. परंतु त्यांचे माहेरीं मीठ, साखर, कुंकू सरलें ऐसें अशुभ बोलूं नये, वाढलें म्हणावें, ऐसी चाल. भान सुटतां माहेरची वाणी आली आणि बाईंनीं सभेंत लिहिलें, "साखर वाढली. काय करू?"

मग काय पुसतां! "बाई, काही खाऊ नका हो!" "फेऱ्या मारा." "वीस मिनिटं भरभर चाला, उतरेल." ऐसीं चाळीस मुखें बोलों लागलीं, आणि मुख तर एकही दिसेना. बाई उठल्या, भिंत धरून उंबऱ्यापावेतों आल्या. पाय आपले वाटेनात, परंतु सभेचा शब्द मोडवेना.

इतक्यांत मथुराबाईंचे नांवें अक्षरें उमटलीं, "चालू नको गो. तुझी साखर वाढूक नाय, सरली. तात्यानू, शेजारणीक सांगा, साखरेचा पाणी पाजूंदे."

मथुराबाई, द्वारकाबाईंचे माहेरगांवच्याच, गतवर्षीं वारल्या होत्या. सभेंतून नांव काढावें हें कोणाच्यानें जाहलें नव्हतें. तात्या घाबरले खरे, तरी शेजारीण फातिमाबी यांस फोन लाविला. त्या धांवत आल्या, बाईंस मांडीवर टेकविलें आणि "मावशी, घोट घ्या, अजून एक," म्हणत साखरपाणी पाजिलें. घटकाभरानें बाईंस भान आलें.

मग तात्यांनीं मथुराबाईंचे लेकास पुसिलें. तो म्हणाला, "आईचा मोबाईल? तेराव्यापासून कपाटात बंद पडलाय, सर." तात्यांनीं सभेंतलीं गतवर्षींचीं पत्रें उलटिलीं. मथुराबाईंनीं लिहिलें होतें, "साखर वाढली. काय करू?" खालीं प्रथम उत्तर तात्यांचेंच, "फेऱ्या मारा." त्याखालीं मथुराबाईंचें शेवटचें, "बरा, येतंय," म्हणजे फेरी मारून येतें. त्या रस्त्यांत पडल्या हें सर्वांस ठाऊक, कां पडल्या, हें कोणीं पुसिलें नव्हतें. तात्या रडले.

तेव्हांपासून सभेंत आकड्यावांचून साखर बोलूं नये ऐसा हुकूम जाहला. द्वारकाबाई वांचल्या. मथुराबाई येतंय म्हणोन गेल्या होत्या, त्या आल्या. इतकेंच वर्तमान, अधिक पुसूं नये.