परबांची व्याख्या

माणसाचा स्वभाव तीन शब्दांत सांगता येतो, असं आमचे परब म्हणायचे. ते तीन शब्द म्हणजे, "किती वेळ लागेल?"

मुलुंडच्या एका स्मशानभूमीच्या कचेरीत आम्ही दोघं एकाच खिडकीमागे बसायचो. मृताचं नाव, वय विचारायचं, डॉक्टरांचा दाखला बघायचा आणि नोंद करायची, एवढंच काम. समोरचा बोलू लागला की परब कान टवकारून बसत. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तो प्रश्न यायचाच. मग मला कोपर मारून कुजबुजत, "इलो बघ!"

"सगळी माणसं सारखी नसतात हो परब," मी वाद घालायचो.

"अरे, बिल्डर असो नाहीतर भाजीवाला. माणूस म्हणजे घाई. लिहून ठेव."

एकदा पवईचे एक प्राध्यापक वडिलांना घेऊन आले. "साधारण कालावधी काय असेल?" त्यांनी विचारलं. परब खूश. "शुद्ध बोलला, पण बोलला तेच!" पुढे एक महाराज आपल्या गुरूंना घेऊन आले. आत्मा अमर आहे हे त्यांनी आम्हाला पाच मिनिटं समजावलं, आणि मग हळूच घड्याळ बघितलं. त्या दिवशी परबांनी मला चहा पाजला.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी वेगळो. मी रोज बघतंय ना."

गेल्या थंडीत त्यांची बायको गेली. सुमनवहिनी. आठवडाभर हॉस्पिटलात होत्या. परब खिडकीच्या पलीकडे उभे, मी अलीकडे. नाव माहीत असूनही मला विचारावं लागलं.

"वय?"

"अठ्ठावन्न. एकोणसाठावं लागणार होतं."

डॉक्टरांचा दाखला आत सरकवून ते तिथेच उभे राहिले.

सगळं आटोपून नातेवाईक परतले, तरी परब बाहेरच्या बाकावरच होते. मी जवळ गेलो. "चला, घरी सोडतो."

"काल सकाळी ती म्हणाली, बसा ना जरा," ते म्हणाले. "मी म्हटलं, ड्युटीला उशीर होतोय." मग, "उशीर झाला नव्हता रे. पाऊण तास हातात होता. मला तिला तसं बघवत नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

तेरावं झाल्यावर परब कामावर आले. हल्ली खिडकीत बहुतेक मी एकटाच असतो. परब बाहेर बाकावर असतात, कुणा ना कुणा अनोळखी माणसाच्या शेजारी, गप्प बसलेले.